कॅटफिशसाठी रीळ निवडताना मी घातलेले घोळ

गळाने मासेमारी करताना स्पिनिंग रिळावर (दोर गुंडाळायचं, रॉडला लावलेलं यंत्र) माझी सात-आठ वर्षं मजेत गेली. लहान मासे, हलकं शिसं, बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोर. मग एका रात्री तळाला सोडलेलं आमिष कुणीतरी उचललं आणि निघालं. हँडल फिरवायला गेलो तर रिळाचा पाय वाकतोय की काय असं वाटलं, आतून कुरकुर ऐकू आली, आणि मिनिटभरात पाण्याखालच्या दगडाला घासून दोर तुटली. काय होतं ते दिसलंच नाही. पण तळाशी धरून बसणारा तो जडपणा, अधूनमधून मान झटकणं, हे कॅटफिशचंच काम. दुसऱ्या दिवशी ठरवलं, बेटकास्टिंग रीळ घ्यायचं.

कारण साधं आहे. स्पिनिंग रिळात दोर काटकोनात वळून स्पूलवर, म्हणजे ती गुंडाळायच्या फिरकीवर, जाते आणि सगळा ताण त्या वळणावर येतो. बेटकास्टिंगमध्ये स्पूल आडवं असतं आणि स्वतः फिरतं, विहिरीवरच्या रहाटासारखं. दोर सरळ आत येते. जड शिसं, जाड दोर आणि तळाला बसलेला जड मासा असेल तर हे रहाटाचं तंत्र हाताला सोपं जातं.

पहिलं रीळ मी दिसण्यावर घेतलं. चपटं, तळहातात बसणारं, ज्याला लो-प्रोफाइल म्हणतात ते. वर ठळक अक्षरांत 7.3:1 लिहिलेलं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात फेरे. वेगवान म्हणजे चांगलं, असा माझा हिशेब. सायकलवर चढ लागला की आपण कुठला गिअर टाकतो, एवढा विचार केला असता तरी पुरलं असतं. खोटी आमिषं सरसर ओढायची तर तो वेग कामाचा. कॅटफिशसाठी आमिष तळाला नुसतं पडून राहतं, तिथे वेग कशाला हवा? मासा लागल्यावर हवी ती ताकद, आणि ती 5:1 च्या आसपासच्या रिळात जास्त मिळते.

त्या रिळाचा दुसरा दोष स्पूलमध्ये दोर भरताना कळला. जाड तंगूस घ्यायला लागलो आणि स्पूल बघता बघता भरलं. मोजून पाहिलं तर जेमतेम पन्नास मीटर. लांब टाकल्यावर माशाला पळायला मागे उरणार किती?

हा हिशेब रीळ घेण्याआधी घरी बसून करता येतो, हे मला नंतर सुचलं. रिळावर किंवा खोक्यावर क्षमता लिहिलेली असते, समजा 0.35 मिलिमीटर जाडीची 220 मीटर. जाडी वाढली की लांबी वर्गाच्या प्रमाणात घटते. 0.55 ची तंगूस घ्यायची तर 0.35 ला 0.55 ने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि 220 ने गुणायचं. उत्तर येतं साधारण 89 मीटर. तेच 0.45 ला 133 मीटर, आणि 0.40 ला 168. नुसत्या पाउंडांवर, म्हणजे दोर किती ताणाला तुटते त्या आकड्यावर, जाऊन दोर घेणाऱ्याला हे कधी कळत नाही, कारण तीस पाउंडांच्या दोन दोऱ्यांची जाडी सारखी असेलच असं नाही.

तिसरा दोष मात्र माझ्या नजरेतून पार सुटला होता. मला गळ टाकायला ज्यांनी शिकवलं त्या काकांनी रीळ हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “याला टिकटिक कुठंय?”

“कसली टिकटिक?”

“अरे, रात्री डोळे मिटून बसशील तेव्हा मासा आला हे सांगणार कोण तुला?”

टिकटिक म्हणजे क्लिकर. गोल रिळांच्या साइड प्लेटवर एक छोटं सरकतं बटण असतं. ते लावलं की स्पूल मोकळं असलं तरी दातऱ्यावर पट्टी अडते. स्पूल सहज फिरत नाही, पण कुणी ओढलं तर टिर्रर्र वाजत फिरतं. आमिष टाकायचं, रॉड स्टँडला लावायचा, स्पूल मोकळं ठेवून क्लिकर लावायचा. मासा आमिष घेऊन निघाला तर त्याला फारसा अडसर जाणवत नाही, रॉड पाण्यात खेचला जात नाही आणि आपल्याला आवाज येतो. चपट्या रिळांत हे बहुधा नसतंच. कॅटफिशसाठी रीळ घेताना मी आता सगळ्यात आधी हेच बघतो. बॉल बेअरिंग किती आहेत हे सगळ्यात शेवटी.

म्हणून दुसरं रीळ गोल घेतलं. या घराण्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव स्वीडनच्या आबूचं ॲम्बॅसडर. ती कंपनी 1921 साली खिशातली घड्याळं बनवायला सुरू झाली होती, आणि जुनं ॲम्बॅसडर उघडून पाहिलं की ते पटतं. माझं रीळ त्यातल्या 6500 च्या मापाचं, 5.3:1 चं, क्लिकर असलेलं.

रीळ बरोबर निवडलं म्हणून फेकता येतं असं नाही. पहिल्याच दिवशी मी स्पिनिंगच्या सवयीने रॉडला हिसका दिला. शिसं पंचवीस हातांवर पडलं आणि स्पूलवर जे झालं त्याला एकच शब्द आहे, गुंतवळ. कंगव्यातून निघते ना, तशी. शिसं हवेत मंदावतं, स्पूल मात्र आपल्याच वेगात फिरत राहतं. बाहेर जाते त्यापेक्षा जास्त दोर सुटते आणि जागीच गुरफटते. अर्धा तास नखांनी उकरत बसलो होतो.

यावर दोन उपाय रिळातच असतात. एक, हँडलच्या बाजूचा टेन्शनचा नॉब. रॉड आडवा धरून शिसं लोंबकळत ठेवायचं आणि अंगठ्याने स्पूल मोकळं करणारा बार दाबायचा. शिसं सावकाश खाली आलं पाहिजे, आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे. शिशाचं वजन बदललं की हे पुन्हा करायचं. दुसरा, ब्रेक. माझ्या रिळात सेंट्रिफ्युगल आहे: साइड प्लेट उघडली की आत तारांवर बारीक ठोकळे दिसतात, ते स्पूलच्या वेगाने बाहेर सरकतात आणि कड्याला घासतात. वेग जास्त तेव्हा घर्षण जास्त. काही रिळांत त्याऐवजी चुंबक असतात, ते बाहेरच्या चकतीवरून कमीजास्त करता येतात. शिकणाऱ्याला चुंबक सोपे, हे मी मान्य करतो. तरी खरा ब्रेक अंगठाच. शिसं पाण्याला टेकायच्या आधी अंगठा स्पूलवर आला नाही तर बाकी सगळं फुकट. आणि जड शिसं हिसक्याने टाकायचंच नसतं. मागून सावकाश झोका देऊन सोडायचं.

आता दोरीचं. माझी सुरुवात ब्रेडने, म्हणजे बारीक धाग्यांच्या विणलेल्या दोरीने झाली, कारण आकडे मोहात पाडणारे. 65 पाउंडांची ब्रेड साधारण 0.40 मिलिमीटर, म्हणजे तीस पाउंडांच्या तंगुसापेक्षा बारीक. स्पूलवर भरपूर मावते, ताणली जात नाही, लांबवरची हालचाल टोकाला लगेच कळते. भरली थेट स्पूलवर. पहिला बरा मासा लागला, मी स्टार ड्रॅग (किती ताणाला दोर सुटावी ते ठरवणारी, हँडलजवळची चांदणीसारखी चकती) आवळला, तरी दोर जातच राहिली. आणखी आवळला. तरी जातेय. मासा गेलाच. ड्रॅग बिघडला म्हणून घरी येऊन रीळ उघडलं. वॉशर, गिअर, सगळं ठणठणीत. मग एका हाताने स्पूल घट्ट धरलं, दुसऱ्याने दोर ओढली, तेव्हा दिसलं: स्पूल जागचं हललं नव्हतं, दोरीचा अख्खा गोळाच त्याच्यावर गोल फिरत होता. ब्रेड गुळगुळीत, धातूवर तिची पकड बसत नाही. खाली आठ-दहा मीटर तंगूस गुंडाळून त्यावर ब्रेड बांधली असती तर हे झालंच नसतं.

ती चूक सुधारूनही ब्रेडशी माझं जमलं नाही. सैल गुंडाळली गेली तर ताण आल्यावर वरचा फेरा खालच्या फेऱ्यांत रुततो आणि पुढच्या फेकीला तिथेच अडकतो. गुंतवळ झाली तर सोडवण्यापेक्षा कापणं बरं. आणि मी जिथे बसतो तिथे तळाला धारदार दगड. ताणलेली ब्रेड दगडाला टेकली की गेली. झाडाझुडपांतून, शेवाळातून मासा खेचायचा असेल तर मी आजही ब्रेडच घेईन. दगडांत नाही.

मग तीस पाउंडांच्या, 0.55 च्या तंगुसावर आलो आणि तिथेच थांबलो. ती ताणली जाते, आणि कॅटफिश मान झटकतो तेव्हा तो ताण झटका पिऊन घेतो. लांबी 89 मीटरच मिळते, पण मी टाकतो चाळीसवर, तेव्हा चालतं. पहिली फेरी अंगठा आणि बोटांच्या चिमटीतून ओल्या फडक्याने दाबत भरायची. उन्हात ती कमजोर होते, म्हणून दर मोसमात बदलायची. रीळ वर्षानुवर्षं टिकतं, दोर टिकत नाही.

ड्रॅग आता अंदाजाने लावत नाही. तीस पाउंड म्हणजे साडेतेरा किलो. त्याच्या पाव, साधारण साडेतीन किलोवर दोर सुटली पाहिजे. स्प्रिंगचा काटा दोरीच्या टोकाला अडकवून ओढायचा आणि बघायचं. गाठी ओल्या करून आवळायच्या, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच मरते. दोरीच्या टोकाची मांडणी अशी: घसरतं शिसं, मणी, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि पुढे हातभर लीडर, म्हणजे हुकाआधीचा दोरीचा तुकडा, मूळ दोरीपेक्षा जाड. स्विव्हलची गाठ लेव्हल-वाइंडच्या, म्हणजे दोर स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या भागाच्या, डोळ्यात अडकते, म्हणून ती टोकाच्या रिंगबाहेरच राहील एवढीच दोर ओढायची.

पहिला मासा या सरंजामावर आला तो पहाटे तीनच्या सुमाराला. टिर्र. थांबली. मग सलग टिर्रर्रर्र. मी धडपडत उठलो, क्लिकर काढला, हँडल अर्धा फेरा फिरवून स्पूल गुंतवलं. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ होता, म्हणून हिसका न देता नुसता सावकाश ओढत गेलो आणि रॉड आपसूक वाकला. दहा-बारा मिनिटांनी काठाला आला तेव्हा हुक जबड्याच्या कोपऱ्यात बरोबर बसलेला होता. छातीच्या परांचे काटे चुकवत तो काढला, माशाला पाण्यात धरून ठेवला आणि जोर आल्यावर सोडला.

मग लीडर बोटांतून फिरवली. शेवटची वीतभर पॉलिश-पेपरने घासल्यासारखी खरखरीत झाली होती. त्याच्या तोंडातल्या बारीक दातांच्या पट्ट्यांचा हा प्रताप. तेवढी कापून टाकली, हुक पुन्हा बांधला.