चार कॅन पाणी आणि एक अहवाल: नववीच्या प्रकल्पाचा माझा अनुभव

प्रयोगशाळेतून आलेल्या कागदावर जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, सही होती आणि चारही नमुन्यांसमोर एकच ओळ होती: ‘पिण्यास योग्य’. मुलं ज्या आकड्याची इतके दिवस वाट पाहत होती, तो पाण्याच्या जडपणाचा आकडा कुठेच नव्हता. सत्र संपलं, प्रकल्पही चांगला झाला, पण त्या कागदाचा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहायला बसले. मुलांनी स्वतः निवडलेला आणि स्वतः चालवलेला प्रकल्प वर्गात घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांना यातलं बरंच उपयोगी पडेल.

मी एका अवर्षणप्रवण तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे प्रकल्प म्हटलं की मुलं स्टेशनरीच्या दुकानात जातात. तिथे तयार वही मिळते. विषय छापलेला, चित्रं चिकटवलेली, प्रस्तावनेपासून ऋणनिर्देशापर्यंत सगळं जागच्या जागी. नाव घालून जमा केली की श्रेणी मिळते. त्यातलं एक वाक्य समजावून सांग म्हटलं तर मूल मान खाली घालतं. हुशार मुलांना असं मान खाली घालताना बघणं मला सहन होत नाही. निदान एका तुकडीपुरतं तरी हे थांबवायचं मी ठरवलं.

तुकडी नववीची घेतली. दहावीला बोर्डाचा धाक असतो, पालक ऐकत नाहीत. जुलैमध्ये मुलांना सांगितलं, घरी, शेतात, रस्त्यात तुम्हाला खटकणारं काहीही लिहून आणा. चिठ्ठ्यांनी मागची भिंत भरली. मग एकच चाळणी लावली: ज्याचं उत्तर शोधायला आपल्याला काहीतरी मोजावं लागेल, तोच प्रश्न ठेवायचा. मोबाइलवर दोन मिनिटांत सापडणारे प्रश्न आपोआप गळाले. उरलेल्यांत एका मुलीचा प्रश्न होता. तिच्या दारातच हातपंप आहे, तरी तिची आई डाळीसाठी मळ्यातल्या विहिरीवरून हंडा आणते. का?

बी.एड.ला आम्ही अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकची प्रकल्प पद्धती पाठ केली होती. १९१८ मधली मांडणी. हेतू ठरवणे, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. पहिल्या दोन पायऱ्या आमच्याकडे भराभर झाल्या, त्यावर फार लिहीत नाही. गट पडले, कामं वाटली गेली आणि चार स्रोत ठरले: हातपंप, नळ, शाळेची बोअर आणि मळ्यातली विहीर.

डाळीचा दिवस मात्र सांगायलाच हवा. एकाच पोत्यातली तूरडाळ, प्रत्येक पातेल्यात शंभर ग्रॅम, पाणी मापून, झाकण न ठेवता. पण डाळ शिजली हे ठरवायचं कसं, यावरच अर्धी तासिका भांडण झालं. शेवटी मुलांनी नियम केला: चमच्याने दहा दाणे काढायचे, बोटाने दाबायचे, आठ मोडले की शिजली. वेळ लिहायची. दोन शेगड्यांवर दोन पातेली चढली आणि थोड्या वेळाने मागे उभा असलेला, वर्गात कधीही न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “ह्या शेगडीचा जाळ मोठाय. हे बरोबर नाही.” मला ते पहिल्यापासून दिसत होतं. मी मुद्दाम गप्प होते. मुलांनी सगळं ओतून टाकलं (डाळ वाया गेली नाही, खिचडीत गेली) आणि एकाच शेगडीवर पाळीपाळीने पुन्हा मांडलं. असा प्रकल्प घेताना शिक्षकाला सगळ्यात जड जातं ते हे गप्प बसणं. तोंडावर आलेलं उत्तर गिळायची सवय लावून घ्यावी लागते.

डाळीसोबत साबणाची चाचणी केली. अंगाचा साबण किसून बॅटरीच्या पाण्यात (म्हणजे क्षार नसलेल्या शुद्ध पाण्यात) विरघळवायचा. प्रत्येक परीक्षानळीत सारखं पाणी घ्यायचं, ड्रॉपरने थेंब टाकत हलवायचं आणि मिनिटभर टिकणारा फेस यायला किती थेंब लागतात ते मोजायचं. दुष्फेन म्हणजे जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाची साय करून टाकतात, म्हणून फेस उशिरा येतो. तेच क्षार डाळीच्या दाण्यातल्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतात, म्हणून डाळ मऊ होत नाही. कपड्यांची पावडर या चाचणीला चालत नाही, ती जड पाण्यातही फेसाळते. हातपंपाला सगळ्यात जास्त थेंब लागले, विहिरीला सगळ्यात कमी. मुलं उड्या मारत होती. तेव्हा एक जण म्हणाला, “पण हे खरंय कशावरून? प्रयोगशाळेचा आकडा पाहिजे.”

इथून आमची गाडी रुतली.

मुलांनी तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत फोन केला. उत्तर आलं, शाळेचे नमुने घेत नाही, ग्रामपंचायतीमार्फत आणा. जल जीवन मिशनमध्ये २०२१ पासून पाणी तपासणी प्रयोगशाळा सामान्य नागरिकांनाही नाममात्र दरात खुल्या केल्या आहेत. हे मला माहीत होतं, म्हणून मी स्वतः बोलले. “तसा फॉर्म आमच्याकडे नाही,” एवढं बोलून फोन ठेवला गेला. ठीक आहे म्हटलं, ग्रामपंचायतीमार्फत.

ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे दोन गावांचा कार्यभार. ते भेटले तेव्हा मुलांनी अर्ज दिला आणि त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. “पाण्यात काही निघालं तर गावात बोंब होईल, मॅडम.” त्यांची भीती मला समजत होती. स्रोताला धोक्याचं लाल कार्ड मिळालं की खुलासे त्यांनाच द्यावे लागतात. मी काही बोलणार तेवढ्यात ती हंडेवाली मुलगी म्हणाली, “भाऊसाहेब, पाणी चांगलं का वाईट ते आम्ही विचारतच नाही. डाळ का शिजत नाही तेवढंच विचारतोय.” भाऊसाहेब हसले, पत्र दिलं, वर गावच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या जलसुरक्षकालाही सोबत पाठवलं. त्या काकांनी मुलांना पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट दाखवली. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. हा तास आमच्या नियोजनात नव्हता आणि मुलांना तोच सगळ्यात जास्त आठवतो.

कॅन घेऊन मुलं आणि मी तालुक्याला गेलो. नमुने ठरावीक वारी, दुपारच्या आतच घेतात, हे तिथे गेल्यावर कळलं. फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला लेबलवर वेळ लिहिलेली नाही म्हणून कॅन परत. मग एका पालकांनी सकाळच्या दुधाच्या गाडीतून कॅन पोचवायची व्यवस्था केली, आणि एकदाचे नमुने जमा झाले.

त्यानंतर वाट बघणं. किलपॅट्रिकच्या चार पायऱ्यांत ही पायरी नाही आणि मुलांचे प्रकल्प इथेच मरतात. मुलांचा हुरूप आठवडाभर टिकतो, दोन आठवडे ताणता येतो, पुढे गट विरघळायला लागतात. दोघांनी येऊन विचारलंच, “मॅडम, दुकानातली वही आणू का?” सहकाऱ्यांनी चांगल्या मनाने सल्ला दिला की कॉलेजमधल्या ओळखीच्या सरांकडून आकडे आणा, दोन दिवसांचं काम आहे. मी नाही म्हटलं. आकडा माझ्या ओळखीने आला असता तर प्रकल्प माझा झाला असता. मुलांनी थेंब मोजले, डाळ दाबली, अर्ज लिहिले. शेवटचा आकडाही त्यांनीच मिळवायचा, यावर मी ठाम राहिले आणि आजही आहे.

पाठपुराव्याची मात्र शिस्त लावली. दर आठवड्याला पाळी ज्याची, फोन त्याचा. माझ्यासमोर, स्पीकरवर. वहीत लिहायचं: कोण बोललं, काय म्हणालं, पुढे कधी. सुरुवातीला मुलं “साहेब मीटिंगला गेलेत” ऐकून घाबरून फोन ठेवत. काही फोनांनंतर एक मुलगी शांतपणे विचारायला लागली, “मग कधी करू? आणि कुणाचं नाव घेऊन विचारू?” कुठल्या पुस्तकाने तिला हे शिकवलं असतं?

वाट बघण्याच्या काळात प्रश्नाला धरूनच कामं काढली. मुलं घरोघरच्या आज्यांना भेटली. जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं, जड पाण्यात चिमूटभर सोडा टाकायचा. मग सोडा टाकून एक पातेलं झालं. हातपंपाचं पाणी आधी उकळून, निवळून, गाळून एक पातेलं झालं. तळाला बसलेला पांढरा थर मुलांनी खरवडून कागदाच्या पुडीत ठेवला आणि त्यावर लिंबू पिळलं. बुडबुडे आले तेव्हा पूर्ण वर्ग बाकांवर चढला होता.

आणि मग तो अहवाल आला. ‘पिण्यास योग्य’.

“मॅडम, योग्य म्हणजे किती?” पहिला प्रश्न हाच.

मी भारतीय मानकाचा तक्ता, आयएस १०५००, छापून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. एकूण दुष्फेनता: लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल. जाळाबद्दल बोललेल्या त्या मुलाने फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, दोनशे आणि सहाशेवर खुणा केल्या आणि म्हणाला, “म्हणजे एकशेनव्वद पण योग्य आणि पाचशेनव्वद पण योग्य. डाळीला दोन्ही एक नाहीत.” चौदा वर्षांच्या मुलाला जे एका रेघेत दिसलं, ते त्या कार्यालयाला कागदावर लिहावंसं वाटलं नाही. माणसाने ज्या कारणासाठी नमुना दिला, ते कारण अर्जात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते कुणी वाचलंच नव्हतं.

पुन्हा अर्ज. या वेळी एकच मागणी: ‘प्रत्येक नमुन्याची एकूण दुष्फेनता, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची मोजलेली मूल्ये मिळावीत.’ उत्तर काय, तर आकडे रजिस्टरला आहेत, पण द्यायची पद्धत नाही. एका पालकांनी माहिती अधिकाराचा अर्ज सुचवला. मुलांनी २००५ चा कायदा वाचला, तीस दिवसांची मुदत वाचली आणि ठरवलं की आधी एकदा नीट विनंती करू, नाही जमलं तर पालकांच्या नावाने तो अर्ज टाकू. पुढच्या फोनला नशिबाने तिथल्या केमिस्ट मॅडमच थेट लाइनवर आल्या. त्यांनी मुलांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, रजिस्टर उघडलं आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. सहीचा कागदही नंतर आला. तेवढ्याशा कामासाठी आमच्या सत्राचा मोठा तुकडा गेला होता. त्या बाईंबद्दल मला आदर आहे. बाकीच्यांबद्दल जे वाटतं ते इथे लिहीत नाही.

हातपंप दोनशेच्या बराच वर, सहाशेच्या आत. विहीर दोनशेच्या खाली. साबणाच्या थेंबांचा क्रम आणि प्रयोगशाळेचा क्रम एक निघाला. नववीच्या मुलांनी ड्रॉपरने लावलेला क्रम! मला त्या दिवशी जो अभिमान वाटला, तो दहावीच्या निकालालाही वाटलेला नाही. डाळीच्या वेळेत मात्र नळ आणि बोअर यांची अदलाबदल झाली. का, ते कळलं नाही. मुलांनी वहीत तसंच लिहिलं: ‘कारण सापडले नाही.’ ते वाक्य खोडायला मी कुणालाही परवानगी दिली नसती.

आता आठवतील तशा काही गोष्टी. चारही नमुने एकाच दिवशी भरा, मध्ये मोठा पाऊस झाला तर तुलना बिघडते. प्रकल्पासाठी जोडतासिका मागून घ्या, सुट्या पस्तीस मिनिटांत काही होत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी आढेवेढे घेतले, तेव्हा मी त्यांना पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं उदाहरण दिलं. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या त्या कामातून शाळांत आलेल्या अभ्यासक्रमात मुलं हाताने काम करूनच शिकतात. पालकसभा सुरुवातीलाच घ्या. “पोरांना डाळ शिजवायला शाळेत घातलं का,” असं एका वडिलांनी विचारलं होतं. साबणाच्या चाचणीच्या दिवशी त्यांच्या मुलीने घरी जाऊन सगळं करून दाखवलं, त्यानंतर दुधाच्या गाडीची व्यवस्था त्यांनीच केली.

श्रेणी देताना वही बघा, पण खाडाखोडीसकट. स्वच्छ वही आली तर मला शंका येते. प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोला: तू काय मोजलंस, आणि ते चुकलं असेल तर कुठे? गटात लपलेली मुलं इथे सापडतात, आणि गटात दबलेलीही. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी हा विषय पाठवा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. जरूर पाठवा, पण स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून प्रश्न निवडू नका. नाहीतर मुलांऐवजी मोठी माणसं प्रश्न निवडायला लागतात.

आणि प्रयोगशाळेचं. जायच्या आधी वार आणि वेळ विचारून घ्या, सांगणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. लेबलवर गाव, स्रोत, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचं नाव, सगळं न पुसणाऱ्या मार्करने. पहिल्याच अर्जात, ठळक अक्षरात, ‘मोजलेली मूल्ये मिळावीत’ हे लिहा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच घ्यायला मुलांनाच पुढे करा.