ओमाहाला जायचं तर फायनलसाठी नको, पहिल्या आठवड्यात जा

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला कॉलेज बेसबॉलची वर्ल्ड सिरीज होते. तिला जायचं म्हटलं की बहुतेक जण फायनलची तिकिटं शोधायला लागतात. माझं ऐकाल तर सुरुवातीचे चार-पाच दिवस गाठा. तेव्हा रोज दोन मॅच असतात, बहुतेक टीम अजून गावातच असतात, आणि तिकिटंही सहसा फायनलपेक्षा आवाक्यात मिळतात. शिवाय पहिले दोन दिवस सरले की रोजच्या दोनपैकी निदान एका मॅचनंतर कुणाचा तरी सीझन तिथेच संपतो. त्या मॅच अजिबात चुकवू नका.

आम्ही कॅन्सस सिटीला राहतो. पुतण्या बॅटन रूजला लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत (एलएसयू) मास्टर्स करतो. त्याच्या नादानं २०२५ चा सीझन मी फेब्रुवारीपासून बघत होतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा हमखास मेसेज यायचा, "काका, लावलीत का मॅच?" कारण कॉलेजमध्ये एकाच टीमशी शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन मॅच होतात आणि सगळ्यात भारी पिचर (चेंडू टाकणारा) शुक्रवारी उतरवतात. एकेक टीम सीझनमध्ये जास्तीत जास्त ५६ मॅच खेळते. मग मे महिन्याच्या अखेरीस ६४ टीम निवडल्या जातात. त्यांचे चार-चारचे सोळा गट पडतात. गट जिंकणाऱ्या सोळा टीम सुपर रीजनल या पुढच्या फेरीत भिडतात, तीनपैकी दोन मॅच जिंकल्या की ओमाहा. म्हणजे तिथे पोचलेली प्रत्येक टीम दोन चाळण्यांतून गेलेली असते.

ओमाहात आठ टीमचे दोन गट होतात. दोन मॅच हरलात की घरी. गट जिंकणाऱ्या दोन टीम फायनल खेळतात, तीही तीनपैकी दोन मॅचची. यातली खरी मेख पिचरच्या खांद्यात आहे. पहिलीच मॅच हरलेल्या टीमला वर येण्यासाठी जास्त मॅच खेळाव्या लागतात आणि चांगले पिचर तर मोजकेच असतात. आज ज्यानं शंभरावर चेंडू टाकले तो पुढचे काही दिवस नाही. त्यामुळे कोच कुणाला आज वापरतो आणि कुणाला राखून ठेवतो, याचा अंदाज बांधत बसण्यात अर्धी मजा आहे.

सोमवारी, १६ जूनला आम्ही पुतण्याबरोबर स्टेडियमवर होतो. दुपारी आर्कन्सॉ विरुद्ध मरी स्टेट होती. दोघंही पहिली मॅच हरलेले. मरी स्टेट ही केंटकीतल्या एका छोट्या गावातली टीम, आपल्या गटात शेवटच्या मानांकनाची. मिसिसिपीत ऑक्सफर्डला जाऊन यजमान ओल मिसच्या (मिसिसिपी विद्यापीठाच्या) मैदानावर गट जिंकला, मग डरहॅमला ड्यूक युनिव्हर्सिटीला हरवून ओमाहा गाठलं. आम्ही मनानं त्यांच्याच बाजूचे होतो. पण त्या दिवशी आर्कन्सॉच्या गेज वुडनं ११९ चेंडूंत १९ वेळा स्ट्राइकआउट केलं (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद) आणि मरी स्टेटला एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, मिळू दिली नाही. आठव्या इनिंगमध्ये एका बॅटरला चेंडू लागला, तेवढा एकच माणूस बेसवर पोचला. ३-० अशी मॅच संपली. ओमाहात याआधी अशी नो-हिटर, म्हणजे एकही हिट न दिलेली मॅच, १९६० मध्ये झाली होती.

सहाव्या-सातव्या इनिंगनंतर स्टेडियम कसं बदलत गेलं ते टीव्हीवर कळणार नाही. कॉलेजमध्ये बॅट धातूची असते, चेंडू लागला की टणकन आवाज येतो. तो आवाजच येईनासा झाला. ऐकू यायचा फक्त कॅचरच्या ग्लव्हमध्ये चेंडू बसल्याचा फटका. पुतण्याच्या शेजारच्या बाई लाल टोपी दोन्ही हातांत घट्ट धरून बसल्या होत्या, प्रत्येक स्ट्राइकला टोपीची कड मुडपत. शेवटी सगळं स्टेडियम उभं राहिलं, मरी स्टेटवालेसुद्धा. नंतर मरी स्टेटचे खेळाडू मैदानावर एकमेकांच्या गळ्यात पडत होते. पुढच्या मॅचसाठी स्टेडियम रिकामं करतात म्हणून आमच्या आजूबाजूचे लोक भराभर निघाले, पण तुम्ही जाल तेव्हा ही दहा मिनिटं तरी थांबा.

संध्याकाळी एलएसयू विरुद्ध यूसीएलए (लॉस एंजेलिसची टीम) सुरू झाली आणि तीन इनिंगनंतर पावसानं थांबली, ती थेट दुसऱ्या दिवशी पुरी झाली. जूनमध्ये नेब्रास्कात वादळी पाऊस आणि विजा नेहमीच्याच. परतीचा प्रवास त्याच रात्री ठरवू नका. हाताशी एक मोकळा दिवस असू द्या.

आता कामाच्या गोष्टी. स्पर्धा जूनच्या मध्यात सुरू होते, मॅच साधारण दुपारी एक आणि संध्याकाळी सहा वाजता. प्रत्येक मॅचचं तिकीट वेगळं. स्टेडियमचं नाव चार्ल्स श्वॅब फील्ड, २०११ मध्ये वेगळ्या नावानं सुरू झालं. जागा निवडताना सूर्याचा विचार करा. मैदान आग्नेयेकडे तोंड करून आहे, त्यामुळे आउटफिल्डच्या (मैदानाच्या दूरच्या टोकाच्या) बाकड्यांवर संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं. होमप्लेटमागे (जिथे बॅटर उभा राहतो) किंवा पहिल्या बेसच्या बाजूला वरच्या रांगांत सावली लवकर मिळते. घरचे ज्येष्ठ बरोबर असतील तर तिथेच बसवा. तरुण मंडळींना मात्र आउटफिल्डच बरं, तिथे बीचबॉल उडत असतात आणि गोंगाट जोरात असतो. उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा आत येतो तेव्हा होमरन जाणारे, म्हणजे कुंपणापलीकडे पडणारे, फटके अडतात. म्हणून धावा कमी झाल्या तरी हिरमुसू नका, इथे १-० ची मॅच बघायला मिळणं हे भाग्य. पिशवी नेणार असाल तर पारदर्शक न्या.

पार्किंगमध्ये टेलगेटिंग, म्हणजे गाड्यांपाशीच खाणंपिणं, चालतं. लुइझियानाची मंडळी मोठ्या पातेल्यांत जांबलाया (मसालेदार भात) शिजवतात आणि अनोळखी माणसालाही आग्रहानं वाढतात. त्यात बहुधा डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, तेव्हा न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. नेब्रास्काचा प्रसिद्ध रन्झा म्हणजे पावात भरलेला कोबी आणि बीफ. गावच बीफचं. शाकाहारी असाल तर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चटणी न्याच. आमचा चिवडा टेलगेटवाल्यांनी संपवला आणि बदल्यात बर्फाची पेटी भरून दिली.

हॉटेलं ओमाहात या काळात महाग होतात. मिसूरी नदी ओलांडली की आयोवातलं काउन्सिल ब्लफ्स, तिथे जरा स्वस्त पडतं. गाडी ओल्ड मार्केटच्या बाजूला लावून साधारण मैलभर चालत या, वाटेत विटांचे रस्ते आणि बऱ्यापैकी खाणं आहे. सकाळ मोकळी असेल तर हेन्री डोर्ली प्राणिसंग्रहालय बघा. त्याच्याच आवारात जुन्या रोझेनब्लाट स्टेडियमची जागा आहे. १९५० ते २०१० ही स्पर्धा तिथेच व्हायची. इनफिल्डची आठवण म्हणून छोटं मैदान जपलंय, लहान मुलं तिथे बेसभोवती पळतात.

फायनल आम्ही घरी टीव्हीवर बघितली. पहिल्या मॅचला एलएसयूचा पिचर केड अँडरसन यानं कोस्टल कॅरोलायनाला एकही रन दिली नाही, १-०. दुसरी ५-३ अशी जिंकून एलएसयूनं आठवं विजेतेपद घेतलं. पुतण्याचा फोन रात्रभर वाजत होता.

यंदा जायचा विचार असेल तर तयारी जूनमध्ये नको, फेब्रुवारीत सुरू करा. जवळच्या कॉलेजच्या मैदानावर एखाद्या शुक्रवारी जाऊन बसा. मार्चपर्यंत थंडी असते, जाड जॅकेट आणि थर्मास लागेल. एक टीम आपली मानून तिचे पिचर ओळखीचे करून घ्या.