जतहून परळला जाताना

मिरज, गुरुवार रात्र

आज ओपीडीत जतकडची एक लहान मुलगी आली. ताप हटत नव्हता, गुडघे दुखतात म्हणून चालायला तयार नव्हती, पायांवर निळे डाग. गावात आधी टायफॉइड, मग रक्त कमी म्हणून टॉनिक असं होत होत इथवर पोचली. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं रक्त) पाहिल्यावर शंका उरली नाही. बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, व्हायचीय, पण हा रक्ताचा कॅन्सरच आहे.

आजीनं विचारलं, "पोरीच्या जातीला एवढं कराय झेपंल का आमास्नी?" तिच्यावर रागावता येईना. रोज उठून ऊस तोडायला जाणाऱ्या घराचा हिशोब ती मांडत होती. तरी त्यातला 'पोरीच्या' हा शब्द डोक्यातून जात नाही. आपल्याकडे कॅन्सर रुग्णालयांच्या नोंदींत मुलींपेक्षा मुलगे बरेच जास्त दिसतात. सगळा फरक काही आजारातला नसतो. कित्येक मुली दवाखान्यापर्यंत येतच नाहीत.

रक्ताचा कॅन्सर हा लहान मुलांमधला सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, आणि बरा होणारा. श्रीमंत देशांत बालकर्करोग झालेल्या १०० पैकी ८० हून अधिक मुलं बरी होतात, कित्येक गरीब देशांत ३० सुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं वाचवायचं ठरवलं. मला ते ध्येय जतच्या एसटी स्टँडवरून दिसतं. उपचार दोन-अडीच वर्षांचे. सुरुवातीचे महिने कठीण, पुढे रोज मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. म्हणजे घरी घ्यायच्या गोळ्या आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून केमोचा खर्च निघू शकतो. बुडालेली मजुरी कोण देणार? महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला उतरायचं, गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघायचं, परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जायचं, आणि घरी दुसरं लेकरू शेजारणीकडे. मग मूल जरा खेळायला लागलं की खेप चुकते. उपचार अर्धवट सुटला की आजार उलटतो, आणि उलटलेला आजार आवरणं फार अवघड.

म्हणून बाल-कर्करोगाचं पुढचं शिक्षण घ्यायचं, आणि ते घेऊन इकडेच यायचं. गोळ्यांच्या टप्प्यातली रक्ततपासणी जतला व्हावी, रिपोर्ट फोनवर मुंबईला जावा, डोस तिथल्या डॉक्टरांनी ठरवावा. एवढ्यानं कितीतरी खेपा वाचतील.

उद्या मॅरो. वडिलांना सकाळीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन बोलावलंय. योजनेच्या खिडकीवर मी सोबत जाणार आहे, आणि आजीशी पुन्हा निवांत बोलणार आहे.