मालक 1007

आज डिस्क 97 टक्क्यांवर. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणारी डीयू कमांड लावत लावत आत शिरले, तर सगळा फुगवटा एसआरसी, म्हणजे सोर्स कोडच्या फोल्डरमधला. जुनी बिल्ड्स. सोर्स कंपाइल करताना मधेच तयार होणाऱ्या डॉट-ओ फाइलींचा नुसता खच, त्याही डीबग सिंबॉल्ससकट (चुका शोधायला जोडलेली माहिती), म्हणून एकेक फाइल सोर्सच्या कितीतरी पट जाड. एवढं अपेक्षितच होतं. पण एलएस कमांडने दिलेल्या फाइलींच्या यादीत मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं, नुसता खात्याचा नंबर. 1007.

असं होतं, मला ठाऊक आहे. डिस्कवर नाव कधी नसतंच, आयनोडमध्ये, म्हणजे फाइलीच्या नोंदीत, फक्त आकडा असतो. नाव पासवर्ड फाइलीतून शोधून दाखवतात; तिथली ओळ गेली की नाव गेलं. आणि डेबियन लिनक्सचं खातं काढणारं डीलयूझर सांगितल्याशिवाय फाइलींना हात लावत नाही. कंपनीतून गेलेल्या त्या सहकाऱ्याचं खातं मीच काढलं होतं, एचआरचा मेल आला तसं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. मग आजच का?

मी 1003 आहे. दुपारभर तेच डोक्यात. रात्री-अपरात्री उठून ज्या मशीनची उस्तवार केली, तिच्या लेखी मी चार अंक. आईशी बोलताना हे सांगणार होते. मग भाजी काय केली एवढंच विचारलं.

बिल्डचा कचरा काढायला मेक क्लीन दिलं. फेल्डमनने बेल लॅब्जमध्ये 1976 साली प्रोग्रॅम बिल्ड करणारं मेक लिहिलं, पण कचरा म्हणजे काय हे मेकला आजही कळत नाही. मेकफाइल, म्हणजे मेकसाठीच्या सूचना, लिहिणाऱ्यानेच मागचं काय आवरायचं ते मांडून ठेवायचं. 1007 ने सगळं नीट मांडलं होतं. (बाकी बाबतीत... जाऊ दे.) डॉट-ओ गेल्या, डिस्क 81 वर आली.

क्लीनने कॉन्फिगरचा, म्हणजे बिल्डआधीच्या तयारीचा, पसारा जात नाही, त्याला डिस्टक्लीन लागतं. द्यायच्या आधी उगाच त्या तयारीची नोंद असलेली कॉन्फिग-लॉग उघडली. वरच त्याने दिलेली कमांड, प्रीफिक्ससकट (प्रोग्रॅम कुठे बसवायचा ती जागा), जशीच्या तशी. खाली पाथच्या, म्हणजे कमांड्स कुठे शोधायच्या त्या ओळींमध्ये त्याची होम डिरेक्टरी, नावासकट. सिस्टिमने पुसलेलं नाव या फाइलीत ठाण मांडून बसलेलं, आणि डिस्टक्लीन नेमकी तीच उडवणार. कमांड टाइप केली, एंटर न मारता चहाला गेले. लॉग फाइलीवर इतका जीव लावणारी मी पहिलीच असेन.

संध्याकाळी नव्या पोराचं खातं उघडलं. अ‍ॅडयूझर 1000 पासून वर जात पहिला मोकळा आकडा देतं. मोकळा कुठला, हे मला सकाळपासून पाठ होतं. हाताने दुसरा देता आला असता. नाही दिला.

पंधरा-वीस मिनिटांत पोरगा टेबलाशी हजर. "मॅम, एसआरसीमध्ये माझ्या नावावर बऱ्याच फाइली दिसतायत. तारखा 2021 च्या आहेत. मी तेव्हा बारावीत होतो."

मला जे हसू फुटलं, ते थांबेचना. दिवसभर मी ज्याच्यासाठी सुतक पाळलं, त्याची अख्खी इस्टेट एका कमांडने या पोराच्या नावावर चढली होती. सातबाराही इतक्या लवकर बदलत नाही. माझा 1003 पण असाच कुणाला तरी मिळेल, आणि त्याला माझ्या स्क्रिप्टांमधल्या कॉमेंट्स वाचाव्या लागतील. बिचारा.

"मालक तूच आहेस," म्हटलं, "डिस्टक्लीन तूच मार."

त्याने आधी बॅकअप आहे का ते विचारलं. पोरगा टिकेल.