गिरगावात अडकलेली गाडी आणि कुर्ल्याची फेरी

रविवारी दुपारी मुलुंडहून गिरगावला मावशीकडे जेवायला गेलो. पूर्व द्रुतगती मार्गाने चेंबूर, तिथून फ्रीवे आणि पी. डि'मेलो रोडला उतरून मेट्रो सिनेमाच्या चौकातून गिरगाव. रस्ता रिकामा होता, जागा शोधण्यातच काय तो वेळ गेला.

परतताना, रात्री साडेनऊला, सेल्फ मारला. इंजिन झटक्यात सुरू झालं आणि दोन सेकंदांत विझलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा भराभर उघडझाप करत होता. (काही गाड्यांत तिथे कुलपाचं चित्र असतं, काहींत गाडीचं. आपल्या गाडीत काय आहे ते आजच पुस्तिकेत बघून ठेवा, रात्री फूटपाथवर ते पान सापडत नाही.)

काका शर्टाच्या बाह्या सरसावून म्हणाले, "धक्का मारूया." कोपऱ्यावरचा काळी-पिवळीवाला हसला. "आमच्या पद्मिनीला धक्का चालायचा, साहेब. हिला नाही चालणार." पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, अडवलेल्या गाडीला अख्ख्या चाळीने धक्का मारला तरी ती सुरू होत नाही.

कारण सोपं आहे. किल्लीच्या मुठीत एक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. आपण किल्ली खोचून फिरवली की कुलपाभोवतीची तारेची रिंग तिला क्षणभर वीज पुरवते, चिप आपला कोड सांगते आणि गाडीचा संगणक तो पडताळतो. जुळला तर ठीक, नाहीतर पेट्रोल किंवा ठिणगी बंद. दरवाजा उघडणाऱ्या रिमोटचा सेल हा निराळा कारभार. माझी गफलत इथेच झाली. रिमोटचा सेल दोनच आठवड्यांपूर्वी बदलला होता, दरवाजे उघडत होते, म्हणून किल्ली धडधाकट असं धरून चाललो. (बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं थोडं वेगळं. त्यांत सेल संपला तर किल्ली बटणाला किंवा ठरलेल्या खाचेला टेकवून सुरू करायची सोय बहुतेकदा असते.)

जवळच्या गॅरेजमधून एक मेकॅनिक आला. बॉनेटही न उघडता म्हणाला, "बायपास मारून देतो, परत कटकट नको." याला हो म्हणू नका. इमोबिलायझरच्या तारा कापलेली गाडी चोराला आयती मिळते, आणि ती चोरीला गेल्यावर विमा कंपनीला काय तोंड दाखवणार? त्याला येण्याजाण्याचे दोनशे रुपये दिले आणि घरी फोन लावला.

मुलगी दुसरी किल्ली घेऊन निघाली. मुलुंड, दादरला बदलून चर्नी रोड. अकरा वाजता पोहोचली, तोंड फुगवूनच. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू! म्हणजे गाडीत काही बिघाड नव्हता, दोष किल्लीचा. हे कळायला रेल्वेचं एक तिकीट लागलं. तेव्हा दुसरी किल्ली कुठे ठेवली आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असू द्या. आणि दोन गाड्यांच्या चिपवाल्या किल्ल्या एकाच जुडग्यात ओवू नका, कुलपाभोवतीच्या रिंगला दोघींचं एकदम ऐकू येतं आणि गोंधळ होतो.

मंगळवारी रजा टाकून गाडी घेऊनच कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडवर, कुर्ल्यापासून कालिन्याच्या दिशेने, दोन्ही बाजूंना गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. गाडी नेत असाल तर सकाळी जा, एलबीएस मार्गाचा कुर्ल्यातला पट्टा दुपारनंतर सरकत नाही. खरं तर पहिल्या फेरीला गाडी न्यायची गरजच नसते. नुसती किल्ली घेऊन लोकलने कुर्ला पश्चिमेला उतरा, चिप वाचते की नाही ते बहुतेक किल्लीवाल्यांकडचं छोटं यंत्र सांगतं. कोडिंगची, म्हणजे नव्या किल्लीचा कोड गाडीत नोंदवायची, वेळ आली तरच गाडी लागते.

किल्लीवाल्याने यंत्र काढण्याआधी किल्ली कानाशी धरून हलवली. मग माझ्या कानाशी. आत काहीतरी खुळखुळत होतं. "शेल बदली किया था ना?" गेल्या पावसाळ्यात मूठ (तोच शेल) तुटली म्हणून नाक्यावर नवी बसवून घेतली होती. त्याने नखाने ती उघडली आणि कलिंगडाच्या बीएवढी काळी चिप हातावर पडली. गोंदाचा पिवळा पापुद्रा तिला अजून चिकटलेला. चिप जागेवर असली की गाडी सुरू, घसरली की बंद. महिनाभर "कधी होते, कधी नाही" असं चाललं होतं, ते यामुळे. त्याने खाच साफ केली, नवा गोंद लावून चिप बसवली आणि वीस मिनिटं किल्लीला हात लावू दिला नाही.

शेल बदलून घेताना जुन्यातली चिप नव्यात गेली का, हे डोळ्यांनी बघा. काही ठिकाणी जुना शेल चिपसकट कचऱ्यात जातो. नवी किल्ली कोड करायची असेल तर घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या, कारण काही गाड्यांत कोडिंग करताना जुन्यांची नोंद पुसली जाते. आरसी आणि ओळखपत्रही न्या. जो किल्लीवाला ती मागत नाही त्याच्याकडून कोडिंग करून घेऊ नका.

निघताना त्याने मीटर लावून बॅटरीही पाहिली. उभ्या गाडीत 12.1 व्होल्ट, म्हणजे अर्धीअधिक रिकामी. भरलेली असती तर 12.6 च्या आसपास आली असती. सेल्फ मारताना काटा साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला. इतका घसरला की कधीकधी संगणकच गडबडतो आणि इमोबिलायझरचा दिवा उगाच लागतो. म्हणून दिवा दिसला की आधी बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर आणि ढिले नट बघा.

बाकी बिघाड आवाजावरून ओळखता येतात. नुसती टिक-टिक आणि दिवे मंद, तर बॅटरी. दिवे झगझगीत आणि एकच ठक्क, तर बहुधा स्टार्टर (सेल्फची मोटर). इंजिन जोमात फिरतंय पण पकडत नाही आणि किल्लीचा दिवाही नाही, तर पेट्रोलचा पंप किंवा त्याचा फ्यूज. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेला तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर मात्र सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करा.

बॅटरी त्याच आठवड्यात बदलली. दुसरी किल्ली आता मावशीकडे आहे, देव्हाऱ्याखालच्या खणात. मुलीने चर्नी रोडच्या भाड्याचा विषय अजून सोडलेला नाही.