जिन्यातला टॉवर आणि वर गेलेला सिलिंडर

चतुर्थी जवळ आली की म्हापशातल्या जुन्या इमारतींचे जिने रंगायला निघतात. ही तिमजली इमारत त्यातलीच. गच्चीच्या जिन्यावर स्लॅबचा गिलावा ओलीने सुटला होता. तो ठोकून काढायचा, नवा भरायचा आणि वर रंग द्यायचा. खरं तर असा गिलावा पाऊस संपल्यावर करावा, पण चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. मधल्या चौकापासून, म्हणजे जिना वळतो त्या सपाट जागेपासून, छत पाच मीटर उंच. आधीच्या रंगाऱ्याचा बेत पायरीवर शिडी टेकवून कठड्यापर्यंत फळी टाकायचा होता. इथे दोन जिन्यांमधली पोकळी हातभर रुंद आहे. त्या फळीवरून तोल गेला तर माणूस चौकातच पडेल असं नाही, तळमजल्यापर्यंतही जाईल. म्हणून ॲल्युमिनियमचा टॉवर, म्हणजे नळ्यांच्या चौकटी जोडून उभी करायची परांची, आणला.

जिन्यात उभा करायचा टॉवर अरुंद लागतो. चौकटीची रुंदी 0.85 मीटर, लांबी 1.8 मीटर. चाकं नाहीत, चारही पायांना स्क्रूच्या बेसप्लेट, म्हणजे स्क्रू फिरवून उंची कमीजास्त करता येणाऱ्या तळपट्ट्या. एक चौकट चौकात, दुसरी पायऱ्यांवर. आधी टेपने मापं घेतली: पायरीची उंची 165 मिलिमीटर, रुंदी 280. वरची चौकट चौथ्या पायरीवर येत होती, म्हणजे दोन टोकांत 660 मिलिमीटरचा फरक. त्यातले 500 चौकात अर्ध्या मीटरची छोटी चौकट लावून भरून काढले. उरलेले 160 स्क्रूने, म्हणजे चौकातले पाय वरच्या पायांपेक्षा तेवढे जास्त उघडून. स्क्रू टॉवर पाणसळीत आणण्यासाठी असतो, उंची वाढवण्यासाठी नव्हे. पूर्ण उघडलेला पाय आडव्या धक्क्याला लगेच लचकतो. चिऱ्याचा तुकडा किंवा वीट खाली सरकवून उंची गाठायची सवय तर सोडायलाच हवी.

280 च्या पायरीवर 150 ची प्लेट मध्यावर ठेवली की दोन्हीकडे जेमतेम 65 मिलिमीटर उरतात. त्याआधी पायरी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहायची. लादी पोकळ वाजली तर तिच्यावर पाय नको. पायरीच्या पुढच्या धारेवर तर कधीच नको, तिथली लादी भाराने तुटते. प्लेट बसल्यावर तिच्याभोवती खडूची रेघ मारली. त्या रेघेचा उपयोग दुपारी झाला.

मग तळाशी आडव्या दांड्या, त्यांच्यावर तिरप्या. दांडीच्या टोकाचा आकडा (हूक) नळीवर बसताना खट्ट वाजला पाहिजे. वाजला नाही तर हाताने ओढून बघायचं. मैदानातल्या टॉवरला बाहेर पसरणारे आधारपाय देतात, जिन्यात त्यांना जागाच नसते. तेव्हा टॉवर बांधावा लागतो आणि कशाला बांधायचा हे महत्त्वाचं. कठड्याला नाही. चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट ठोकूनही नाही, जुन्या चुन्याच्या गिलाव्यामागचा चिरा बोल्टसकट निघून येतो. आम्ही चौकाच्या कोपऱ्यातल्या आरसीसी खांबाला नळीचा वेढा दिला आणि तो क्लॅम्पने टॉवरच्या उभ्या नळ्यांना जोडला, म्हणजे टॉवर ना आत झुकेल ना बाहेर.

चौकापासून 1.5 मीटरवर एक आणि 3 मीटरवर दुसरा प्लॅटफॉर्म. दोन्हींना खालून उघडणारं दार. चढायचं टॉवरच्या आतूनच. बाहेरून चढलं तर सगळा भार एका बाजूला येतो आणि अरुंद टॉवर कलतो. दारात बसायचं, पाय खालच्या पायदांडीवर, आणि बसूनच दोन्ही बाजूंच्या कठड्याच्या दांड्या लावायच्या. त्या लागेपर्यंत उभं राहायचं नाही. वरची दांडी प्लॅटफॉर्मपासून एक मीटरवर, मध्ये दुसरी, कडेला 150 मिलिमीटरची पट्टी, नाहीतर थापी सरळ पोकळीत जाते. पोकळीवर चौकाच्या पातळीला प्लायही टाकला. जिन्याच्या दिव्याचा फ्यूज काढून ठेवला, कारण ॲल्युमिनियममधून वीज वाहते आणि दिव्याची वायर नेमकी गिलाव्यातच असते. उजेड बॅटरीचा.

जेवून परत आल्यावर चढायच्या आधी तळ पाहिला. एक आडवी दांडी भिंतीला टेकून उभी आणि चौथ्या पायरीवरची प्लेट खडूच्या रेघेपासून बोटभर पुढे, धारेकडे सरकलेली. वरच्या घरातल्या आजोबांनी वरून सांगितलं, ‘‘अहो, सिलिंडर वर न्यायचा होता. दांडी परत लावणारच होतो.’’

1.2 मीटरच्या जिन्यात 0.85 चा टॉवर, म्हणजे बाजूला जेमतेम दीड वीत वाट. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. सिलिंडर नेणाऱ्या पोऱ्याने तो खांद्यावर घेऊन वळताना पायाला धक्का दिला असणार, आणि दोन चौकटींमधलं अंतर धरून ठेवणारी दांडी तेव्हा जागेवर नव्हती. आजोबांचा दोष नाही. गच्चीखालच्या दोन घरांना दुसरा जिनाच नाही.

वर कुणी गेलं नाही. दोघांनी चौकट धरली, तिसऱ्याने पाय किंचित उचलून प्लेट रेघेत आणली आणि दांडी लावली. दांडी आधी लावली असती तर सरकलेलं अंतर तसंच अडकून बसलं असतं. मग पाणसळ, ओळंबा, खालपासून वरपर्यंत प्रत्येक आकडा आणि चौकटींच्या सांध्यातल्या पिना. खांबाचा क्लॅम्प थोडा फिरला होता, तो पुन्हा आवळला.

मग वेळ ठरवली. दर तासाला काम थांबवून हत्यारं पट्टीच्या आत ठेवायची आणि तळाशी उभा असलेल्या माणसाने घरच्यांना एकेक करून बाजूने सोडायचं. सिलिंडर, कपाट, फ्रिज असलं काही असेल तर संध्याकाळी, टॉवर उतरवल्यावर. टॉवरचा भाग बाहेरच्या कुणी काढायचा नाही, असं मराठी आणि कोंकणीत लिहून खाली आणि वर दोरी बांधली. तळाशी राखणदार ठेवायचा म्हणजे एका माणसाची मजुरी वाढते. ठेकेदार तिथेच कुरकुरतो, पण अंदाजपत्रकात ती आधीच धरावी.

उतरवणं उलट्या क्रमाने: कठड्याच्या दांड्या दारात बसूनच सोडायच्या, खांबाची नळी शेवटपर्यंत ठेवायची आणि दांड्या टाकायच्या नाहीत, हातोहात द्यायच्या. चौकटी खाली नेताना वळणावर एक माणूस पुढे लागतो, नाहीतर ताज्या रंगावर ओरखडे उठतात.