सबबी न सांगणारी ज्युलिया

आमच्या अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या म्हाताऱ्या शेजारणी टीव्हीवर फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्डचा उल्लेख नुसता ‘ज्युलिया’ असा करतात, जणू गल्लीतलीच कुणी. तशी ती होतीच म्हणा, हार्वर्डजवळच्या अर्व्हिंग स्ट्रीटवर तिचं घर. 1963 मध्ये बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर तिचा ‘द फ्रेंच शेफ’ हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. सहा फूट दोन इंच उंची, चिरका आवाज. फ्रेंच स्वयंपाक शिकल्या त्याही पस्तिशी उलटल्यावर, पॅरिसला.

चित्रीकरण जवळजवळ सलग चालायचं, त्यामुळे फजिती झाली तर तीही दिसायची. एका भागात ती तव्यातला बटाट्याचा थर उसळवून उलटायला गेली आणि त्यातला काही शेगडीवर सांडला. तिने तो हाताने गोळा करून परत तव्यात टाकला. उलटताना हिंमत कमी पडली, असं सरळ सांगितलं आणि वर म्हणाली, स्वयंपाकघरात आपण एकट्याच असतो, बघतंय कोण? (तिने अख्खी कोंबडी जमिनीवर पाडली, हे इथे छातीठोकपणे सांगतात. ती दंतकथा.)

तिचं एक सांगणं मी रोज पाळते: परतायचं ते आधी कोरडं करा आणि तव्यात गर्दी करू नका. पाणी असेल तर जिन्नस वाफवला जातो, खरपूस होत नाही. बटाट्याच्या काचऱ्यांना हे तंतोतंत लागू पडतं.

पण खरा धडा वेगळाच. पॅरिसमध्ये नवशिकी असताना तिने एका मैत्रिणीला अंड्यांचा एक भयंकर पदार्थ वाढला आणि मुद्दाम चकार शब्द काढला नाही. पुढेही तिचं मत तेच राहिलं, की सबबी सांगितल्या की पाहुण्याला खोट दिसायला लागते. आपल्याकडे पाहुण्याने घास तोंडात घालायच्या आत सुरू होतं, ‘आज मीठ जरा पुढेच झालंय’, ‘पुरण सैल पडलं हो’. मग तो बिचारा जेवण सोडून यजमानिणीची समजूत काढत बसतो. याला आपण नम्रपणा म्हणतो. मला तर ती कौतुकाची मागणीच वाटते.

आमच्या मंडळाच्या दिवाळीत एका काकूंचे अनारसे तुपात हसले. काकूंनी चुरा वाट्यांत भरला, वर आटवलेलं गार दूध घातलं आणि काहीही न बोलता पुढे केला. चकल्यांच्या आधी वाट्या संपल्या, आणि दोघी-तिघी कृती विचारायला आल्या. काकूंनी सांगितलीसुद्धा.